चीक निथळायला वेळ लागतो

—नाही, ते पान नको घेऊस, ते नुसतं दिसायला थोराड, आत सगळं पाणी. हे घे, हे खालचं, बुडाशी लालसर झालेलं. चार वर्षांचं झाड आहे, उन्हात तापलेलं, याच्यात खरा गर. लोक हिरवंगार कोवळं बघून भुलतात आणि मग घरी जाऊन बोंब मारतात, ओब्दुलियाची कोरफड लागू पडत नाही म्हणून. लागू कशी पडेल! दुधाच्या दातांनी कुणी ऊस सोलतं का? — अशी सावलीला ये, या अंगाला, पोरीच्या डोक्यावर ऊन येतंय. किती महिन्यांची? दहा. नाव काय? यारेत्सी — असू दे, छान आहे. आजकालची नावं काही मला पाठ होत नाहीत. आमच्या वेळी कॅलेंडर काढायचे, त्या दिवशी जो कोण संत असेल त्याचं नाव चिकटवून मोकळे व्हायचे, म्हणून तर मी जन्मभर ओब्दुलिया. झोपलीय कशी बघ, मूठ आवळून. झोपू दे, झोपू दे.

कशाला हवीय ते सांग म्हणजे तसं कापून देते. केसांसाठी असेल तर आख्खं पान ने, गर चोळ, सुकू दे, धू — तुझे केस गळायला लागले असतील, बाळंतपणानंतर गळतातच, घाबरायचं नाही. पोटात आग पडत असेल तर एवढासा तुकडा, अननसाच्या रसातून. मिरचीवाल्या तिओफिलोने पाव पान एकदम गिळलं होतं, शहाणा, दोन दिवस परसाकडेच बसून होता. कोंबड्या पेंगत असतील तर त्यांच्या पिण्याच्या पाण्यात चिरून टाक, लिंबू पिळून — हसू नकोस, माणसांपेक्षा कोंबड्यांना गुण लवकर येतो. दाराला टांगायला हवी असेल तर ती तिकडची, लाल फीत बांधलेली, मुळं हवेत. ना माती ना पाणी तरी वर्ष-वर्ष जगते, दृष्ट स्वतःवर घेते म्हणतात. माझ्या दारालाही आहे. काय दृष्ट घेते कोण जाणे, माझी दृष्ट तर घरातूनच लागलेली. — असो. कशालाही ने, पण एक विसरायचं नाही. पान कापलं की पेल्यात उभं करायचं, कापलेली बाजू खाली, आणि तासभर हात लावायचा नाही. हा बघ, हा पिवळा चीक, हा सगळा निथळला पाहिजे. मग धुवायचं, मग सोलायचं. चीक निथळायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्यायचा. नाहीतर औषधाचं विष. पोटात गेला तर मुरडा, कातडीला लागला तर खाज, फोड, लाली, आणि —

काय? मोठ्याने बोल ग, या डाळिंबवाल्याच्या रेडिओपुढे काही ऐकू येत नाही. — चीकच हवाय? निथळवायचा नाही?

अच्छा.

म्हणजे अंगावरचं दूध तोडायचंय हिचं. मग असं सांग ना सरळ, लाजतेस काय, या बाजारात निम्म्या बायकांनी तोडलंय असंच, या झाडानेच. पण दहा महिने म्हणजे — अजून चालायलाही लागली नसेल. दात? चार आलेत. चावते का? चावत नाही. मग घाई कसली? दूध येत नाही का तुला? नाही, येतंय, दिसतंयच की, ब्लाऊज भिजलाय तुझा. मग? — कुठे निघालीस तू? रेनोसाला, सीमेवरच्या कारखान्यात? त्याच्याही पलीकडे. नदीपलीकडे, अमेरिकेत. बरं. कधी? — आज चारला? आज? आणि पोर कुणाकडे? तुझ्या आईकडे. हं. आईकडेच ठेवतात. माझ्याही आईकडेच —

थांब, सुरी ठेवते खाली. बस त्या स्टुलावर. बस ग, अजून अकराही वाजले नाहीत, चारला वेळ आहे. तुला कुणी सांगितलं नाही का हे कसं करतात ते? तुझ्या आईने? सासूने? नुसतं फासलं आणि झालं असं नसतं ते. आमच्याकडे म्हण आहे, कडू अंगाला, गोड हाताला. मूल तोंड लावतं, तोंड वाकडं करतं, रडतं — रडणारच, कडूजहर असतं ते — आणि त्याच क्षणी, रडणं थांबायच्या आत, आईने स्वतःच्या हाताने गुळाचं पाणी पाजायचं. त्याच मांडीवर. दुसऱ्या कुणी नाही, आईनेच. म्हणजे मुलाला कळतं की दूध कडू झालं, आई नाही झाली. चार दिवस चालतं हे, आणि चार दिवस आईने घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मूल पुन्हा पुन्हा येतं, बघतं, कडू लागलं की गोड मागतं, आणि आई तिथेच असते. पाचव्या दिवशी विसरतं. ते विसरणं महत्त्वाचं, पोरी, कडू कुणीही लावील.

मला काय विचारतेस मला कसं माहीत? मला नाही तर कुणाला माहीत असणार! माझी आई कास्तुला या बाजाराची जडीबुटीवाली होती, ते समोर हिरव्या छत्रीखालचं दुकान दिसतंय ना, ते तिचं. तिने मला हे सगळं सांगितलं होतं, अगदी असंच, बोटावर मोजून चार दिवस. आणि मी काय केलं? गुरुवारी दुपारी चीक लावला आणि शुक्रवारी पहाटे ट्रकमध्ये चढले. जो माणूस पलीकडे नेणार होता त्याने दिवस बदलला ऐन वेळी, म्हणाला उद्या निघायचं, नाहीतर पुन्हा कधी ते सांगता येत नाही. आणि डेल्फिना — माझी मुलगी डेल्फिना, तुझ्या या पोरीएवढीच, दहा महिन्यांची, उलट हिच्यापेक्षा जरा गुटगुटीत — ती मी गेल्यावर दुधासाठी हंबरडा फोडील, आईला रात्रंदिवस जागवील, म्हणून म्हटलं तोडूनच जावं. बरं करतेय असंच वाटत होतं मला. तिने तोंड लावलं. एकदाच. मागे झाली आणि माझ्याकडे बघितलं — कसं सांगू तुला — घरचं कुत्रं चावलं तर माणूस त्याच्याकडे बघतं ना, तसं. रडली नाही आधी. बघितलं, आणि मग रडली. आणि माझ्या हातून गूळ घेईना. पेला ढकलला. माझ्या आईने उचलून घेतलं, तिच्या हातून प्यायली, घटाघटा. म्हणजे झालं काय, की गोड आजीचं आणि कडू माझं, अशी वाटणी झाली, आणि ती मिटवायला माझ्याकडे चार दिवस नव्हते. चार दिवसांऐवजी चौदा वर्षं गेली.

चौदा ना. वर्षाने येईन म्हणून गेले होते. तूही तेच म्हणतेयस घरी, हो ना? वर्षाने. ह्यूस्टनमध्ये लोकांची घरं पुसली, लोकांची पोरं झोपवली. एक वेड्यासारखं करायची मी — जिथे कामाला जाईन तिथे खिडकीत कोरफडीचं एक कुंडं असायचं, सगळ्यांच्या घरी असतं, त्याला रोज पुसायची, पानन् पान. पुसायचं काय असतं त्यात! फोन करायची तर आई म्हणायची, बोल ग, आई आहे तुझी, आणि पलीकडून नुसता श्वास. श्वास ऐकायला मी फोन करायची. आणि माझी आई — देव तिला चांगली जागा देवो, वाईट नव्हती ती, पण जिभेला हाड नव्हतं — ती ही गोष्ट सांगत बसायची. हसून सांगायची, वाढदिवसाला, बारशाला, मक्याच्या पिठाचे तमाले वळायला बायका जमल्या की: "हिच्या आईने काय केलं माहितीय, चीक फासला आणि पळाली!" सगळ्या हसायच्या. पोर तिथेच बसलेली असायची, मक्याची पानं पुसत. शाळेतली मुलं तिला कडू म्हणायची. कडू, ए कडू. मला हे फार नंतर कळलं.

आले ते तिच्या पंधराव्या वाढदिवसाला. चर्च फुलांनी भरलेलं, मी टाचांचे पांढरे बूट घेऊन आलेली, अंदाजाने आणलेले. पंधरा पुरी झाली की मुलीला पहिले टाचांचे बूट घालतात ना, ती वेळ आली तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, आईने घालावेत. सगळं गाव बघतंय. मी गुडघ्यावर बसले. तिने पाय आजीपुढे केला. रागाने नाही ग! राग असता तर मी रागाशी भांडले असते. सहज केला, आपण हाताशी असेल त्या खुर्चीवर बसतो ना, तसा. आणि मला म्हणाली, "सेन्योरा, तुम्ही दमला असाल, बसा." परक्या बाईला म्हणावं तसं. पोटच्या पोरीने मला बसायला खुर्ची दिली.

आता तूच बघ, समोर बसलीय ती. लांब बाह्यांची, निळा ॲप्रन. अशी वळून नको बघूस! — बघ, पण मान न वळवता. सव्वीस वर्षांची आहे. आजीचं दुकान तीच चालवते; बाभळीची साल, ओव्याची पानं, हगवणीचं, दम्याचं, सगळं आहे तिच्याकडे. कोरफड नाही. जडीबुटीचं दुकान आणि कोरफड नाही, ऐकलंस कुठे? आजी गेली त्याच आठवड्यात तिने कुंड्या उचलून मागच्या ओढ्यात टाकल्या. त्या मी काढून आणल्या, चिखलातून. ही सगळी रोपं त्यांचीच पिल्लं. मग मी इथे टेबल मांडलं, बरोबर समोर, फक्त कोरफडीचं. मला हे विकायचं होतं का? मला तिला बघायचं होतं. सकाळी छत्री उघडते ती, दुपारी डबा खाते, नवऱ्याशी फोनवर हसते. दहा पावलं. ह्यूस्टनहून दहा पावलांवर आले मी, आणि पुढची दहा काही जमली नाहीत.

नाही, खोटं बोलले. जमली होती. एकदा जमली होती.

यंदा फेब्रुवारीत, दोन तारखेला, बाजारात सगळे मिळून तमाले-आटोले करतात ना, तेव्हा आटोलेच्या उकळत्या खिरीचं पातेलं कलंडलं. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. बायका ओरडायला लागल्या, कुणी टूथपेस्ट आण म्हणतंय, कुणी बटाटा. मी पान घेऊन धावले. निथळवलेलं होतं, पेल्यात उभंच असतं माझ्याकडे एखादं. गार पाण्याखाली हात धरला, गर लावला, आणि तिने हात काढून घेतला नाही. तुला कळतंय का मी काय सांगतेय ते? पंचवीस वर्षांनी तो हात माझ्या हातात होता. रोज अकरा वाजता यायची, याच स्टुलावर बसायची, तू बसलीयस तिथे. मी हळूहळू लावायची, मुद्दाम हळू. सुकेपर्यंत ती बोलायची. काही मोठं नाही, असंच — नवरा घोरतो, कोंबडीने अंडी कुंपणापलीकडे घातली, शेजारीण चोरून नेते. एक दिवस आभाळ वाजलं तर दचकून माझा दंड धरला. विजेला घाबरते ती. मला माहीतच नव्हतं. पोटची पोर विजेला घाबरते हे मला तेव्हा कळलं, आणि मी घरी जाऊन इतकी आनंदात रडले, जसं काही तिने मला बक्षीसच दिलं होतं.

आणि हे झाड! मेलं इतकं गुणाचं की सहाव्या दिवशी नवी कातडी आली. गुलाबी, कोवळी. ती म्हणाली, "सेन्योरा, आता बरं आहे, उद्यापासून यायला नको." मी म्हटलं, एकदा ये अजून, एकदा लावू, डाग राहायला नको. ती म्हणाली बरं.

जाऊ दे. गिऱ्हाईक येतील. — नाही, ते ऐकून काय करणार आहेस तू. तुला तुझी गाडी आहे.

मी निथळवलं नाही. झालं? ऐकलंस? सातव्या दिवशी पान झाडावरून कापलं आणि तसंच लावलं, पिवळ्यासकट. विसरून नाही. उगाच सोंग कशाला करू, पन्नाशी उलटली माझी, जन्म गेला या झाडात, मी विसरेन? लावताना हात अगदी हलका ठेवला, तिला वाटलं दुखू नये म्हणून जपतेय. दुसऱ्या दिवशी हात लाल झाला. मी म्हटलं, बघ, अजून आत आग आहे, येत जा. आली. चार दिवस आली. खाज सुटलेली, फोड आलेले, आणि मी — मी तिला गुळाचं पाणी करून द्यायची, बसल्याबसल्या, आणि ती प्यायची, माझ्या हातून. चार दिवस. मी मोजत होते. त्या चार दिवसांत मी जितकी सुखात होते तितकी जन्मात नव्हते, आणि माझ्या लेकरावर फोड येत होते. अशी बाई बघितलीस कधी? आता बघून घे.

पाचव्या दिवशी तिने हात नाकाशी नेला. जडीबुटीवालीच्या हाताखाली वाढलेली पोर ती, ती वासावरून साल ओळखते. तो वास — तुलाही येत असेल आत्ता, कच्चा, उग्र. तिने हुंगलं, माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं ते सांगायला नको, सांगितलंय तुला. आरडाओरडा नाही काही. म्हणाली, "निथळवलं नाहीत." ॲप्रनने हात पुसला आणि गेली. तेव्हापासून आठ महिने लांब बाह्या घालते, या उन्हात. कुणी कोरफड मागितली तर म्हणते, या बाजारात मिळत नाही. मी दहा पावलांवर बसलेय, माझ्या टेबलावर दुसरं काही नाही, आणि ती म्हणते मिळत नाही. लोकांना वाटतं विनोद आहे.

म्हणून मी तुला हे पान देत नाही. चिडू नकोस. चिडलीस तरी देत नाही. अग, जायचं तर जा, तुझं पोट तुला माहीत, मी कोण अडवणारी. पण अशी लावून जाऊ नकोस. रडू दे तिला. दुधासाठी रडू दे, महिनाभर रडू दे, तुझ्या आईला झोप न मिळो. गोड आठवून रडली तर तुला शोधेल तरी. कडू आठवून गप्प बसली की संपलं, मग तू चौदा वर्षं फोनवर श्वास ऐकत बस. पाज तिला चारपर्यंत, जितकं पिईल तितकं, आणि छाती दुखेल वाटेत, घट्ट फडकं बांधून घे, कोबीची पानं ठेव आत, दुखू दे. दुखायला आपलंच दुखलं पाहिजे. — नाही म्हणजे नाही. दुसरीकडे मिळेल, बस अड्ड्याजवळ एक म्हातारा विकतो, त्याच्याकडून घे, नाहीतर रस्त्यावर उगवलेली असते कुठेही. माझ्या हातून नको.

—काय म्हणालीस? कुणी पाठवलं?

हिने? समोरचीने? निळ्या ॲप्रनने? तू आधी तिच्याकडे गेली होतीस? मी खाली वाकून रोपं काढत होते, मला दिसलंच नाही. थांब, थांब जरा. मिळत नाही असं नाही म्हणाली? बोट दाखवलं? इकडे? बरोबर इकडे? मग काय म्हणाली — तिचे शब्द सांग, तुझे नको घालूस मध्ये. जशी म्हणाली तसं.

"माझ्या आईकडे जा. तिला हे चांगलं जमतं."

हं.

नाही, कळलं मला. मला टोमणा कळत नाही असं वाटलं का तुला? कास्तुलाची नात आहे ती, नेम चुकायचा नाही. दुसरं वाक्य बरोबर लागलं, जिथे लागायचं तिथेच लागलं, ते राहू दे माझ्याकडे, ते माझंच आहे. पण त्याच्या आधीचं — कुणाकडे जा म्हणाली? परत म्हण. — सेन्योरा नाही म्हणाली? त्या बाईकडे, असं नाही? नक्की? तू तुझ्या मनाने बदललं नाहीस ना, मला बरं वाटावं म्हणून? तिच्या तोंडून? ... एकदा अजून म्हण. तेवढंच. पुढचं नको म्हणूस, पुढचं ऐकलंय मी.

बरं. — पोर उठली बघ तुझी. तोंड शोधतेय. जा. कुठेतरी सावलीला बस आणि पाज तिला. इथे नको, माझ्यासमोर नको. जा म्हटलं ना.